आपल्या इमारतीच्या तपासणीची पंचवीस वर्षे

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काका, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा. तुम्ही पहिल्यापासून आहात." मी म्हटलं, लिहितो, पण विषय माझ्या मनाचा. गणेशोत्सव, कोजागिरी, बोअरवेलला लागलेले पाणी, कंपाउंडची भिंत यावर इतर मंडळी लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहितील. ज्या कामाचा कधी नारळ फुटला नाही, ज्याची कोनशिला नाही, ज्याचा फोटोसुद्धा या स्मरणिकेत सापडणार नाही, त्या कामाचा इतिहास मला सांगायचा आहे. ते काम म्हणजे आपल्या इमारतीची तपासणी. आगीच्या दृष्टीने आणि बांधकामाच्या दृष्टीने. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. तीही लिहितो, कारण इतिहास लिहायचा तर पदरच्या चुका वगळून चालत नाही.

सुरुवात बँकेपासून करतो. १९७४ साली मी नोकरीला लागलो. पाच-सहा वर्षांनी आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत फील्ड ऑफिसर झालो. व्यापाऱ्यांना मालतारणावर कर्ज दिलेले असायचे. महिन्याला ते स्टॉक स्टेटमेंट आणून द्यायचे आणि आम्ही गोडाऊनमध्ये जाऊन माल मोजायचो. एकदा मी ज्वारीच्या पोत्यांची थप्पी पुढून पाहिली, रांगा मोजल्या, गुणाकार केला आणि रजिस्टरवर सही केली. आमचे मॅनेजर जुने, करडे गृहस्थ. त्यांनी विचारले, "थप्पीच्या मागे गेला होतास?" मी म्हटलं, "नाही साहेब, जागा नव्हती." ते मला परत घेऊन गेले आणि हमालाकरवी वरची चार पोती बाजूला करायला लावली. पुढच्या दोन रांगांत ज्वारी होती, मागे भुसा. साहेब रागावले नाहीत. परत येताना एवढेच म्हणाले, "तू आज माल नाही तपासलास, कागद तपासलास." हे वाक्य मी पुढे तीस वर्षे कनिष्ठांना ऐकवले. आणि सोसायटीचे पद हातात आल्यावर स्वतःच विसरलो. ते पुढे येईलच.

आता थोडा गावाचा इतिहास. नगर शहर १४९० सालचे, अहमद निजामशाहाने वसवलेले. कापूरवाडी, शेंडी अशा बाजूंनी खापरी नळांनी शहरात पाणी आणलेले होते. पाणी येते त्याच गावात माणूस घर बांधतो, आणि घराशेजारी घर आले की आगीची भीतीही आलीच. माझे बालपण जुन्या गावातल्या वाड्यात गेले. सागवानी खांब, लाकडी माडी, वर धाबे, आणि एका वाड्यात सात बिऱ्हाडे. प्रत्येकाकडे रॉकेलचा स्टोव्ह, दिवे गेले की कंदील. जिन्याखाली जळण रचलेले. बोळ एवढा अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटून उभे राहायचे. बंब तिथे कसा येणार, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. घराची तपासणी म्हणजे काय, तर पावसाळ्याआधी आजोबा काठीने धाब्याची तुळई ठोकून बघायचे आणि आवाज बद्द आला की सुताराला बोलवायचे. तोच आमचा स्ट्रक्चरल इंजिनीअर!

नगरची नगरपालिका १८५४ सालची, १८५० च्या कायद्याखाली झालेली. म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही आधीची. त्या काळी नगरपालिकेचे काम म्हणजे मुख्यतः रस्ते, दिवाबत्ती, पाणी, स्वच्छता. तुमच्या घरात काय आहे, जिना किती रुंद आहे, हे सरकारने येऊन बघावे ही कल्पनाच लोकांना रुचणारी नव्हती. ती रुजली ती मोठ्या आगींनंतर. १८०३ साली मुंबईच्या फोर्टात मोठी आग लागली, दाटीची वस्ती जळाली आणि त्यानंतर कोटाबाहेर गाव वाढले. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. जहाजात कापूसही होता आणि दारूगोळाही. स्फोट झाले तेव्हा आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. दर वर्षी आपल्याकडे त्याचे पत्रक येते आणि आपण ते नोटीस बोर्डवर लावतो. त्या तारखेमागे काय आहे हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल, म्हणून मुद्दाम लिहिले.

१९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता आली. नंतर ती १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. जिना किती रुंद, बाहेर पडायच्या वाटा किती, कोणत्या उंचीच्या इमारतीला कोणती यंत्रणा, हे त्यात आहे. आपल्या राज्याने पुढे स्वतंत्र कायदा केला, 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६'. तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला आणि २००९ मध्ये नियम आले. त्यातली मुख्य गोष्ट सभासदांनी नीट लक्षात घ्यावी. हा कायदा जबाबदारी टाकतो ती इमारतीच्या मालकावर आणि तिथे राहणाऱ्यावर. सहकारी गृहनिर्माण संस्थेत ती टाळायला तिसरा माणूसच नाही. महापालिका येऊन बघेल, नोटीस देईल, धोका फारच असेल तर वीज-पाणी तोडेल, इमारत रिकामी करून सीलही करेल. पण यंत्रणा बसवायची, ती चालू ठेवायची आणि तसे प्रमाणपत्र द्यायचे, हे काम आपले.

आता आपल्या इमारतीकडे येतो. आपला नकाशा १९९७ साली मंजूर झाला. तेव्हा नगरला महापालिका नव्हती, नगरपालिका होती. १९९९ च्या दसऱ्याला आम्ही काही जण राहायला आलो. सावेडीच्या या भागात तेव्हा रात्री कोल्हे ओरडायचे. २००० साली सोसायटी नोंदली. आपला जिल्हा सहकाराचा. प्रवरेला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच मातीतले आपण. तेव्हा चोवीस बिऱ्हाडांची सोसायटी चालवणे काय अवघड, असे आम्हाला वाटायचे. पुढे ३० जून २००३ ला नगरपालिकेची महापालिका झाली. म्हणजे मंजुरी एका संस्थेची आणि घरपट्टी दुसऱ्या संस्थेला. ही बारीकसारीक बाब वाटेल, पण तपासणीची वेळ आली तेव्हा याच बाबीने आमचे चार महिने खाल्ले.

पहिली दहा-बारा वर्षे आगीचा विषय सभेत निघाल्याचे इतिवृत्तात नाही. मी मुद्दाम सगळी वह्या चाळून पाहिली. पाण्याचा विषय प्रत्येक सभेत, पार्किंगचा विषय प्रत्येक सभेत, आगीचा एकदाही नाही. २०१२ मध्ये मी सेक्रेटरी असताना कोणी तरी सुचवले म्हणून आपण सहा सिलिंडर घेतले, दोन्ही विंगच्या प्रत्येक मजल्यावर एक. लाल रंगाचे, नवे कोरे. पितळी खिळ्यांवर टांगले तेव्हा इमारतीला शोभा आल्यासारखे वाटले.

त्यानंतर दर वर्षी एक माणूस मोटारसायकलवर यायचा, सिलिंडर 'रिफिल' करून नवे स्टिकर लावायचा आणि बिल द्यायचा. बिलावर माझी सही. एका वर्षी तो सकाळी दहाला आला आणि साडेदहाला गेला. सहा सिलिंडर खाली उतरवून, भरून, परत टांगून अर्ध्या तासात होत नाही, हे मला कळायला हवे होते. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. स्टिकर पाहिले, सही केली. थप्पीच्या पुढच्या रांगा मोजल्या.

मग २०२१ साल आले. ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. आणि ६ नोव्हेंबरला आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात.

तो दिवस भाऊबीजेचा. शनिवार. माझी बहीण श्रीरामपूरहून सकाळीच आली होती. पाट मांडलेला, निरांजन लावलेले. अकराच्या सुमारास बातमी पसरली की सिव्हिलच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आहे. आपल्या इमारतीतल्या एका कुटुंबाचे जवळचे नातेवाईक तिथे दुसऱ्या वॉर्डात होते. त्या घरचा मुलगा चपलासुद्धा न घालता खाली धावला. त्यांचे माणूस सुखरूप निघाले. पण त्या विभागात असलेल्यांपैकी अकरा जण त्या दिवशी गेले. कितीतरी बहिणींची ओवाळणी तशीच राहिली. माझ्या बहिणीने ओवाळले तेव्हा आम्ही दोघेही काही बोललो नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मला चैन पडेना. बॅटरी घेऊन खाली उतरलो आणि पहिल्यांदा आपल्या इमारतीच्या थप्पीच्या मागे गेलो. काय दिसले ते जसेच्या तसे लिहितो. सहापैकी चार सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर, लाल भागात. एकाचे स्टिकर चालू वर्षाचे, पण त्याखाली तीन जुनी स्टिकरे आणि सील कधी तुटल्याचे चिन्ह नाही. 'ब' विंगच्या दुसऱ्या मजल्यावरचा सिलिंडर चपलांच्या कपाटामागे, बाहेर काढायचा तर आधी कपाट हलवावे लागेल. जिन्याखाली मीटरचा बोर्ड, आणि त्याला टेकून रद्दीचे गठ्ठे, एक मोडकी लाकडी खाट, कुणाचे तरी रंगाचे डबे. गच्चीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे हे मलाच माहीत नव्हते, चेअरमन असून! तिसऱ्या मजल्यावर माझे घर. सौभाग्यवतीचे गुडघे तेव्हाच गेलेले, एक एक पायरी धरून उतरायला तिला दहा मिनिटे लागतात. मी जिन्यातच बसलो. बँकेत असतो तर अशा सहीबद्दल मीच एखाद्याला मेमो दिला असता.

त्या माणसाला बोलावून जाब विचारला. तो म्हणाला, "साहेब, सगळीकडं असंच चालतं." त्याच्यावर मी रागावलो, पण राग खरा कोणावर काढायचा ते मला ठाऊक होते.

डिसेंबरात विशेष सभा बोलावली. माझी चूक मी सभेपुढे सांगितली. चर्चा मात्र जोरात झाली. "वीस वर्षांत कधी आग लागली का?" "आपली बिल्डिंग काय टॉवर आहे का?" "महापालिकेला आपण होऊन बोलवायचं म्हणजे साप घरात घ्यायचा. गॅलऱ्या बंद केल्यात त्या दिसतील ना!" हा शेवटचा मुद्दा खरा होता आणि सगळ्यांच्या मनात तोच होता. प्रत्येकी साडेतीन हजार वर्गणी काढायची होती. ठराव तेरा विरुद्ध सहा असा मंजूर झाला, पाच जण गैरहजर. विरोध करणाऱ्यांना मी दोष देत नाही. तपासणी म्हणजे कोणी तरी आपल्याला पकडायला येणार, ही भावना आपल्याकडे जुनी आहे.

तपासणी प्रत्यक्षात कशी घडवून आणली ते थोडक्यात नोंदवतो, पुढच्या कमिट्यांना उपयोगी पडेल. पहिले काम कागद जमवायचे. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र. आपल्याकडे फक्त बांधकाम परवानगीची झेरॉक्स होती, तीही पुसट. बिल्डरने पूर्णत्वाचा दाखला आपल्याला कधी दिलाच नव्हता आणि आपणही मागितला नव्हता. नगरपालिकेच्या काळातले रेकॉर्ड महापालिकेत शोधायचे म्हणजे रोज एक चक्कर. रेकॉर्डमधल्या एका क्लार्कने शेवटी बस्ता सोडून फाईल काढून दिली. त्या नकाशाची नक्कल हातात आली तेव्हा कळले की जिन्याखालची जागा नकाशात 'मोकळी' दाखवली आहे. बावीस वर्षे आपण तिथे अडगळ रचत होतो.

दुसरे काम परवानाधारक एजन्सी. आगीची यंत्रणा बसवणे आणि तपासणे हे काम कोणीही करून चालत नाही. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाने परवाना दिलेली एजन्सीच लागते. परवान्याची मुदत बघून घ्यावी, नुसते व्हिजिटिंग कार्ड बघू नये. काम कायद्याप्रमाणे झाले की एजन्सी 'फॉर्म ए' देते. त्यानंतर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'फॉर्म बी' महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे द्यायचे असते. आपली इमारत पंधरा मीटरच्या आतली, त्यामुळे उंच इमारतीसारखी पंप आणि उभ्या नळांची मोठी यंत्रणा आपल्याला लागली नाही. चांगले सिलिंडर, मीटरजवळ विजेच्या आगीसाठी वेगळा सिलिंडर, मोकळा जिना, बाहेर पडायच्या खुणा, जुन्या वायरिंगची दुरुस्ती, एवढ्यावर भागले.

तिसरे काम, महापालिकेला अर्ज. फेब्रुवारी २०२२ मध्ये अग्निशमन विभागाचे अधिकारी आले. सभासद गॅलऱ्यांचे पडदे ओढून घरात बसले होते! साहेबांनी गॅलऱ्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी तीन-चारच प्रश्न विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाला मला उत्तर देता येईना.

"गच्चीची किल्ली कुठे असते?" मी म्हटलं, वॉचमनकडे. "वॉचमन जेवायला गेला तर?" त्यांनी मग न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. १९११ साली तिथल्या कपडे शिवायच्या एका कारखान्यात आग लागली आणि १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. जिन्याच्या एका दाराला कुलूप होते. त्या आगीनंतर तिथले कारखान्यांचे कायदे बदलले. त्या दिवसापासून आपल्या गच्चीच्या दाराला आतून सरकवायची कडी आहे, कुलूप नाही.

"जिन्यात किती माणसे एका वेळी उतरतील?" कपाटे होती तोवर एक. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसे गेली, ती बहुतेक धुराने गुदमरून. बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. साहेब म्हणाले, "काका, माणूस आगीनं कमी मरतो, धुरानं जास्त. आणि धूर जिन्यानंच वर चढतो." चपलांची कपाटे त्याच आठवड्यात घरात गेली. दोन घरांशी त्यावरून वर्षभर अबोला होता, तो आता मिटला आहे.

"बंब आत कुठून येणार?" आपल्या गेटवर दोन चारचाकी कायम आडव्या. "टाकीत पाणी किती असतं?" मुळा धरणाचे पाणी आपल्याला दिवसाआड. न येणाऱ्या दिवशी संध्याकाळी खालची टाकी तळाला गेलेली असते. तेव्हापासून टाकीत एक खूण केली आहे, त्याखाली पाणी जाऊ द्यायचे नाही.

हे प्रश्न ऐकताना मला वाटले, या तपासणीच्या फॉर्ममधली प्रत्येक ओळ कुठे तरी कोणाचा तरी जीव गेल्यावर लिहिली गेली आहे. आपण त्याला सरकारी कटकट म्हणतो. ती कटकट ज्यांच्यामुळे लिहिली गेली, त्यांना ती करून घ्यायची संधी मिळाली नाही.

मार्चमध्ये रविवारी सकाळी एजन्सीच्या माणसाने प्रात्यक्षिक दाखवले. पत्र्याच्या घमेल्यात आग पेटवून सिलिंडर कसा चालवायचा ते शिकवले. पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, आणि झाडू मारल्यासारखी नळी इकडून तिकडे फिरवायची. विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही, आधी मेन स्विच बंद. चोवीस घरांतून नऊ माणसे आली होती. बाजूला वॉचमनची बायको, आपण सगळे जिला मावशी म्हणतो, ती कडेवर नातू घेऊन बघत उभी होती. तिला कोणी बोलावले नव्हते.

मे २०२३ मधली दुपार. उन्हाचा कहर, सगळ्यांचे कूलर चालू. 'ब' विंगच्या मीटर बोर्डातून आधी फटफट आवाज आला, मग धूर. आम्ही वरून ओरडेपर्यंत मावशींनी मेन स्विच ओढला होता, शेजारचा सिलिंडर खिळ्यावरून काढला होता आणि पिन उपटून फवारायला सुरुवातही केली होती. १०१ ला फोन केला, बंब आला तोवर आग विझली होती. गेट मोकळे होते, म्हणून तो थेट आत आला. पाच मीटर जळाले, भिंत काळी झाली, एकाही माणसाला इजा नाही. वर तिसऱ्या मजल्यावर माझी बायको झोपली होती. तिला उठवायची वेळच आली नाही.

जिन्याखाली रद्दीचे गठ्ठे आणि ती खाट तशीच असती तर काय झाले असते, याचा हिशेब मी पुष्कळदा मनात केला आहे. इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी एका सभासदाने तक्रार केली की सिलिंडरच्या पांढऱ्या पावडरीने गाडी खराब झाली. ती तक्रार मी इतिवृत्तात आनंदाने नोंदवून घेतली! मावशींना सोसायटीने साडी आणि पाच हजार रुपये दिले. त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकवलं तेच केलं." आम्ही त्यांना शिकवले नव्हते. त्या शिकल्या होत्या. आता प्रात्यक्षिकाला सगळ्यांत आधी वॉचमन, कामाला येणाऱ्या बायका आणि शाळेतली मुले यांना बोलावतो, कारण दुपारी इमारतीत हीच माणसे असतात.

आता बांधकामाविषयी. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायचे असते. आपले पहिले ऑडिट २०१५ मध्ये व्हायला हवे होते, झाले २०२२ मध्ये. इंजिनीअरने हातोडीने कॉलम ठोकून पाहिले तेव्हा मला आजोबांची काठी आठवली. गच्चीच्या टाकीखालच्या दोन बीममध्ये सळई गंजून काँक्रीट फुगले होते. वरून रंग चांगला होता, दिसत नव्हते. ते काम झाले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडला एक पाच मजली इमारत कोसळून सोळा जण गेले, ती इमारत आपल्यापेक्षा कितीतरी नवी होती. तेव्हा "आपली इमारत काही जुनी नाही" हे वाक्य सभेत कोणी पुन्हा काढू नये.

पुढचे ऑडिट २०२७ मध्ये आहे. आणि २०२९ मध्ये आपल्याला राहायला येऊन तीस वर्षे पूर्ण होतील. महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. नोटीस येईपर्यंत थांबू नये. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आपण एकदा मोडली आहे, ती परत लागू देऊ नये. लिफ्ट बसवायचा विषय सध्या चर्चेत आहे. बसवलीत तर २०१७ च्या लिफ्टच्या कायद्याप्रमाणे परवाना आणि नियमित तपासणी त्यातही आलीच. अंदाजपत्रकात तो खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

हे लिहीत असताना ऑगस्ट २०२५ मधली नेवासा फाट्याची बातमी मनातून जात नाही. रात्री फर्निचरच्या दुकानाला आग लागली, दुकान आणि राहते घर एकत्र, आणि एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली. आपल्याच जिल्ह्यात, आपल्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर. गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले, नगरपालिकेची महापालिका झाली, वाडे जाऊन अपार्टमेंट आली. जिन्याखाली काही तरी रचून ठेवायची आपली सवय मात्र वाड्यातली ती तशीच राहिली आहे.

नवीन कमिटीसाठी एवढेच. मंजूर नकाशाची नक्कल, 'फॉर्म ए', आजवरचे सगळे 'फॉर्म बी' आणि ऑडिटचा अहवाल ऑफिसच्या कपाटात वरच्या खणात निळ्या फाईलमध्ये आहेत. एक झेरॉक्स संच माझ्याकडे आहे. पुढचा 'फॉर्म बी' जानेवारीत द्यायचा आहे. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा कमिटीतल्या एकाने त्याच्याबरोबर सहाच्या सहा सिलिंडरपाशी जावे, काटा स्वतः बघावा, आणि मगच सही करावी. मला बोलावलेत तर मीही येईन. तीन मजले उतरायला आता वेळ लागतो, पण येईन.